नव्या घराचा बाहेरचा रंग वेगळाच दिसतोय? दुसरा डबा आणण्याआधी हे तपासा

"भाऊ, हाऊ रंग आपला नही शे." म्हणजे, हा रंग आपला नाही.

अमळनेरजवळच्या एका गावातून हा फोन आला तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती. वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि दर्शनी भिंतीवर रंगाचा पहिला हात नुकताच बसला होता. घरमालक आप्पा अगदी रडकुंडीला आले होते. शेतात राबून, कर्ज काढून बांधलेलं घर. दुकानात बदामी रंग निवडला आणि भिंतीवर काहीतरी हिरवट उतरलं.

मी गेली २२ वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांच्या साइट बघतो. प्लास्टर, रंग, दगड, पत्रे, खिडक्या ही सगळी बाहेरची कामं माझ्याकडे असतात. इतर कुठल्याही बिघाडापेक्षा या एका तक्रारीसाठी मी जास्त वेळा मोटारसायकल काढली आहे. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत डबा बरोबर होता. चूक उजेडात होती, ओलीत होती, शेजारच्या एखाद्या वस्तूत होती, नाहीतर भिंतीच्या पोटात होती. तरी लोक आधी पेंटरशी भांडतात, मग नवा डबा आणतात, आणि दोन महिन्यांनी नव्या रंगाचीही तीच गत होते. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानंच करा. पहिल्या काहींना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"रंग चुकला" या दोन शब्दांत निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. भिंतीसमोर उभं राहून तुमची कोणती ते ठरवा.

- सगळी भिंत एकसारखी आहे, पण शेडकार्डापेक्षा फिकी, गडद किंवा हिरवट-गुलाबी झाक असलेली दिसते.
- सकाळी बरोबर दिसते, दुपारी पांढरी पडते, रात्री दिव्याखाली तिसरीच वाटते.
- एकाच भिंतीवर पट्टे किंवा चौकोन दिसतात. कुठे रोलरचा माग, कुठे जोडाची रेघ.
- जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत रंग गडद किंवा डागाळलेला आहे, वर ठीक आहे. किंवा पांढरी पूड बाहेर आली आहे.
- दगड, विटा किंवा टाइल्समध्ये अर्ध्या एका छटेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या छटेच्या दिसतात.
- खिडक्यांच्या चौकटी, गेट किंवा छपराचे पत्रे नमुन्याशी जुळत नाहीत.
- स्लॅबच्या कडेतून, छज्जाखालून तांबूस ओघळ आला आहे.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं सोडा आणि सरळ या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा. तो रंगाचा प्रश्न नाही.

तपासणी १: रंग वाळू द्या, आणि दुसरा हात होऊ द्या

बाहेरचा पाण्यातला इमल्शन रंग ओला असताना दुधाळ, फिका दिसतो. त्यातलं पाणी उडालं की पांढुरका भाग पारदर्शक होतो आणि रंग एक पायरी गडद होतो. चुन्याचं उलटं असतं. ओला चुना भिंतीवर दिसत नाही, वाळल्यावर पांढराशुभ्र होतो. ओला हात बघून कोणी घाबरला असेल तर मी त्याला एकच विचारतो, "दुसरा हात झाला का?" पहिल्या हातातून खालचा प्रायमर किंवा प्लास्टर डोकावतं. वाळूऐवजी क्रश सँड वापरली असेल तर आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भुकटीमुळे प्लास्टर जास्तच करडं येतं. त्यावर पिवळ्या किंवा क्रीम रंगाचा एकच हात मारला तर तो मळकट, थोडा हिरवट दिसणारच.

मे महिन्यात भिंत अर्ध्या तासात हाताला कोरडी लागते, म्हणून लोक फसतात. वरची साय वाळलेली असते, आतलं काम चालूच असतं. दोन्ही हात झाल्यावर तीन दिवस थांबा, मग बघा.

दगडाचंही तसंच. पाणी मारून बसवलेला दगड ओला असेपर्यंत गडद दिसतो. दुकानात दुकानदारानं पाणी शिंपडून दाखवला असेल तर तुम्ही ओला दगड निवडलात आणि आता कोरडा बघताय. एका दगडावर तांब्याभर पाणी ओता. नमुन्यासारखा दिसला तर दगड तोच आहे.

तपासणी २: ओल्या फडक्यानं पुसा, फिल्म काढा

आपल्याकडे मार्च ते जून धूळ काय असते ते सांगायला नको. शेजारी नांगरट चालली असेल, रस्त्याचा मुरूम उडत असेल, वीटभट्टी जवळ असेल, तर नव्या भिंतीवर आठ दिवसांत थर बसतो. हातभर जागा ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि बाजूच्या जागेशी ताडून बघा. धुळ्याकडच्या एका घरात "रंग तपकिरी पडला" ही तक्रार एका बादली पाण्यात संपली.

ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या, एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिट) पॅनेल आणि रंगीत पत्रे यांच्यावर कारखान्यातून पातळ संरक्षक फिल्म येते. ती दुधाळ, निळसर किंवा छापील असते आणि खालचा रंग बदलून दाखवते. कोपऱ्यातून नखानं उचलून बघा. ही फिल्म वेळेत काढणं फार गरजेचं आहे. आपल्या उन्हात महिनोन्‌महिने राहिली तर तिचा गोंद भाजून चिकटतो आणि मग ओरखडे न पडता निघत नाही. बाकी काम राहिलं असेल तर फिल्म काढून त्या जागी कागद लावा, पण ती उन्हात शिजू देऊ नका.

तपासणी ३: दोन भोकांचा कागद

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. भांडण मिटवायला हिच्याइतकं चांगलं काही मला सापडलं नाही.

एक पांढरा कोरा कागद घ्या. अंगठ्याएवढी दोन भोकं जवळजवळ पाडा. शेडकार्डावरची तुमची पट्टी भिंतीला टेकवून उभी धरा. कागद असा ठेवा की एका भोकातून पट्टी आणि दुसऱ्यातून भिंत दिसेल. भिंत सावलीत असताना, सकाळी दहाच्या सुमाराला बघा. ऊन थेट पडत असेल तर कार्डाची चकाकी फसवते.

दोन्ही भोकांत एकच रंग दिसला तर दुकानदारानं दिलेला आणि पेंटरनं लावलेला रंग तुम्ही मागितलेलाच आहे. आता प्रश्न निवडीचा उरला. कोणालाही दोष देऊ नका, तपासणी ५ कडे जा. दोन भोकांत फरक दिसला तर पुढची तपासणी करा.

हा कागद लागतो कारण डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगाशी तोलून बघतो. लाल विटांच्या कठड्याशेजारी करडी भिंत हिरवट वाटते. गडद चॉकलेटी पट्ट्याशेजारी तोच करडा पांढुरका वाटतो. पांढरा कागद शेजार झाकतो आणि डोळ्यासमोर फक्त रंग ठेवतो. आमची आजी धाब्याच्या घराला चुना द्यायची तेव्हा त्यात चिमूटभर नीळ टाकायची. निळी झाक पिवळेपणा मारते म्हणून चुना जास्त पांढरा दिसतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकाच रंगात दुसऱ्याची एवढीशी झाक किती फरक करते ते तिथं कळतं.

तपासणी ४: डब्याचं झाकण आणि बिल

शेड आता दुकानातल्या टिंटिंग मशीनवर तयार होते. एक पांढरा किंवा पारदर्शक बेस असतो, त्यात मशीन ठरलेल्या थेंबांनी रंगद्रव्य सोडतं. म्हणून झाकणावरच्या चिकटपट्टीवर चार गोष्टी वाचा: रंगाचं उत्पादन, शेडचा कोड, बेस आणि डब्याचं माप. शेजारी लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा नंबर असतो, तोही बघा. या सगळ्या गोष्टी बिलाशी आणि शेडकार्डाशी जुळल्या पाहिजेत.

एकच शेडचा कोड दुसऱ्या उत्पादनात वेगळा दिसू शकतो. मॅट भिंत उजेड पसरवून परत देते, चकाकी असलेली भिंत आरशासारखी थोडा उजेड सरळ फेकते. त्यामुळे तोच करडा एकात मऊ दिसतो, दुसऱ्यात गडद. निम्म्या घराला वरच्या दर्जाचा आणि मागच्या बाजूला स्वस्तातला लावला असेल तर कोपऱ्यावर रेघ दिसेल आणि त्याला उपाय नाही.

लॉट वेगळे असतील तर फरक बारीक असतो, पण सपाट भिंतीवर उन्हात दिसतो. यासाठी चांगले पेंटर सगळ्या बादल्या एका मोठ्या पिंपात ओतून ढवळतात. ते केलं नसेल आणि एका भिंतीवर मध्येच डबा बदलला असेल, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत पुन्हा करावी लागते. मधल्या मध्ये ठिगळ लावलं की ते आयुष्यभर दिसतं.

पाणी किती घातलं तेही विचारा. प्रत्येक बादलीत पेंटरनं अंदाजानं पाणी ओतलं तर तेच पट्टे येतात. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, मापानं घालायला लावा. आणि आपल्याकडच्या उन्हात एक गोष्ट कटाक्षानं पाळा. पश्चिमेची भिंत सकाळी करा, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रोलर फिरण्याआधीच कड वाळते आणि प्रत्येक फेरीचा जोड दिसतो.

झाकणं फेकू देऊ नका. त्यांचे फोटो काढा, आणि शिल्लक लिटरभर रंग बंद डब्यात नाव लिहून सावलीत ठेवा.

खिडक्या-गेटाच्या पावडर कोटिंगसाठी नावावर कधी जाऊ नका. "डार्क ग्रे" म्हणजे प्रत्येक कारखान्यात वेगळा. आरएएलचा (रंगांच्या ठरलेल्या कोडपद्धतीचा) आकडा बिलावर लिहून घ्या, उदाहरणार्थ ७०१६ हा निळसर गडद करडा, ९००५ हा काळा, ८०१७ हा चॉकलेटी. सोबत मॅट की ग्लॉस हेही लिहा. बिलावर आकडा असेल तर चौकट बदलून मागता येते. नाव असेल तर वादच होतो.

तपासणी ५: उजेड आणि शेजार

आता अमळनेरच्या आप्पांकडे येतो. दोन भोकांच्या कागदातून रंग बरोबर निघाला. मग हिरवा कुठून आला? मी मागं वळलो. शेजारच्या बांधकामावर परांचीला हिरवी जाळी टांगलेली होती आणि त्यावर ऊन पडत होतं. फिक्या भिंतीवर शेजारची झाक फार लवकर उतरते. ओसरीवर निळा पॉलिकार्बोनेट पत्रा असेल तर ओट्याची भिंत निळी दिसेल. अंगणात लाल मुरूम पसरला असेल तर भिंतीचा खालचा भाग गुलाबी दिसेल. आप्पांना म्हटलं, ती जाळी निघेपर्यंत थांबा. शेजारी भला माणूस, दोन तासांसाठी त्यानं त्या बाजूची जाळी गुंडाळली आणि बदामी बदामी दिसला.

उजेडाची दिशाही बघा. उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन कमी मिळतं, तिच्यावर आभाळाचा निळसर उजेड पडतो, म्हणून करडे रंग तिथं थंड, निळे वाटतात. पश्चिमेला संध्याकाळी सगळंच पिवळं होतं. रात्री पांढऱ्या एलईडीखाली, म्हणजे खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या, तीच भिंत दिवसासारखी दिसते. ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली करड्याचा मातकट होतो. तिथं बल्ब बदलणं रंग बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आणि निवडीचं एक साधं कारण. दोन बोटांच्या पट्टीवरून निवडलेला रंग दोन मजल्यांवर गेला की फिके रंग उन्हात आणखी फिके दिसतात आणि भडक रंग आणखी भडक. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गोड वाटलेला फिका बदामी मे महिन्याच्या दुपारी पांढराच वाटतो. बाहेरसाठी फिका हवा असेल तर कार्डावर एक पायरी गडद घ्या, भडक हवा असेल तर एक पायरी मळकट घ्या.

तपासणी ६: भिंतीच्या पोटातली ओल

इथपर्यंत पैसे लागले नाहीत. इथून पुढं वेळ लागतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघाड इथंच होतो.

कारण साधं आहे. आखाजीचा मुहूर्त ठरलेला असतो. प्लास्टर चैत्रात संपतं, आठ दिवस पाणी मारलं जातं, आणि पंधराव्या दिवशी पेंटर उभा. बाहेर ४३-४४ अंश तापमान, भिंत वरून खडखडीत. आत मात्र पाणी असतं आणि सिमेंटचा चुना जिवंत असतो. ताज्या सिमेंटचा सामू (पीएच) १२ ते १३ पर्यंत असतो, म्हणजे जबरदस्त अल्क (अल्कली). त्यावर काही निळे, जांभळे आणि पिवळे-लाल रंग जळतात, त्यांची छटाच बदलते. गेरू किंवा पिवळ्या मातीसारखी लोहाची रंगद्रव्यं टिकतात, म्हणूनच जुन्या घरांवरचा गेरूचा पट्टा वर्षानुवर्षं तसाच राहतो. प्लास्टर झाल्यावर निदान २८ दिवस भिंत उघडी ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. मुहूर्ताला भिंत तशीच उघडी ठेवून पूजा करा आणि प्रायमर, रंग नंतर द्या, असं मी हात जोडून सांगतो. अल्क सहन करणारा प्रायमर घ्या.

ओल तपासायला दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या. चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला बंद करा. संध्याकाळी लावा, सकाळी काढा. आतून दव दिसलं किंवा भिंत गडद झाली तर रंगाचा डबा उघडूच नका. जोत्याजवळ, मधोमध आणि पॅरापेटखाली (गच्चीच्या कठड्याखाली) अशा तीन जागी करा. कुठं ओल आहे त्यावरून ती कुठून येते ते कळतं. सामू बघायच्या कागदी पट्ट्या मिळाल्या तर भिंतीचा ठिपका स्वच्छ पाण्यानं ओला करून पट्टी लावा. आकडा १० च्या वर असेल तर अजून थांबा.

जोत्याजवळ ओल असेल तर जमिनीकडे बघा. काळी माती पाणी धरून ठेवते आणि विटांतून ते वर चढतं. पाणी मारायला खारट बोअरचं पाणी वापरलं असेल तर त्यातले क्षार भिंतीत राहतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं, क्षार मागं उरतात, आणि पांढरी पूड म्हणजे लोणा दिसतो. सिमेंटमधला चुनाही असाच बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा पडतो.

लोणा काढताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. तो पाण्यानं धुतो. क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात आणि आठवड्यानं परत दिसतात. कोरड्या कडक ब्रशनं झाडा, पूड गोळा करून लांब टाका, भिंत वाळू द्या, पुन्हा झाडा. दोन-तीन वेळा करावं लागेल. पाणी येणं थांबलं की लोणाही थांबतो. पाणी चालूच असेल तर ब्रशनं काही होणार नाही.

पॅरापेटखालची ओल बहुतेकदा वरच्या उताराची असते. पॅरापेटचा माथा आतल्या बाजूला उतरता हवा आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच हवी. ती नसेल तर धुळीचं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि पहिल्या पावसानंतर काळे पट्टे येतात. नवा रंग दिला तरी पुढच्या मृगात तेच पट्टे परत.

तपासणी ७: विटा, दगड, टाइल्स

शिरपूरकडे एका डॉक्टरांनी उघड्या विटांचं घर बांधायला घेतलं. पहिल्या गाडीच्या विटा लालभडक, दुसऱ्या गाडीच्या नारिंगी. खालची कमर लाल आणि वरचा भाग नारिंगी, दुरून दोन घरं एकावर एक ठेवल्यासारखी. विटेचा लालपणा मातीतल्या लोहामुळे येतो आणि भट्टीत किती ताव मिळाला त्यावर ठरतो. आगीजवळची वीट गडद, कडेची फिकी. मातीत चुनखडी जास्त असेल तर वीट पिवळट येते, आणि चुनखडीचे खडे राहिले असतील तर पाणी लागल्यावर ते फुगून विटेचा पापुद्रा उडवतात. भट्टीवाल्याची यात लबाडी नसते. ती त्या वस्तूची जातच आहे.

हे लागण्याआधी सांभाळता येतं, लागल्यावर फार थोडं हातात राहतं. म्हणून विटा असोत, दगड असो की टाइल्स, सगळा माल एकदम मागवा आणि लावताना तीन-चार थप्प्यांतून मिसळून उचला. फरक मिसळला की तो नक्षीसारखा दिसतो, एका ठिकाणी साठला की डागासारखा. टाइल्सच्या खोक्यावर शेड आणि बॅच छापलेली असते. सगळी खोकी उतरवतानाच वाचा. वेगळी बॅच असेल तर गाडीवाल्याला तिथेच परत द्या. एकदा कापली किंवा लावली की कोणी परत घेत नाही. दहा टक्के माल जास्तीचा मागवा, कारण पुढच्या वर्षी ती बॅच मिळणार नाही.

विटा क्षार फेकतील का हे आधी बघायचं असेल तर चार-पाच विटा ताटात इंचभर पाण्यात उभ्या करा. पाणी शोषून आणि उडून जाऊ द्या, पुन्हा एकदा तेवढंच पाणी घाला आणि वाळू द्या. भारतीय मानक ३४९५ मधली चाचणी जवळपास अशीच आहे. निम्म्याहून जास्त भाग पांढरा झाला तर त्या विटा उघड्या भिंतीला वापरू नका.

लागलेल्या दगडाचा रंग खटकत असेल तर आधी सांध्यांकडे बघा. पिवळ्या दगडात काळपट सिमेंटचे सांधे असले की सगळी भिंत मळकी वाटते. सांधे कोरून जुळत्या रंगाचं ग्राउट भरलं की पुष्कळदा दगड बदलावाच लागत नाही. सीलर (दगडावरचा संरक्षक थर) मारायचा असेल तर एका दगडावर मारून आठवडाभर बघा. काही सीलर दगड कायमचा ओला, गडद दाखवतात.

ॲसिडपासून लांब राहा. मिस्त्री सर्रास ॲसिडनं धुवायला सांगतात. कोटा आणि शहाबाद हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, पॉलिश जातं आणि पांढरे चट्टे उठतात, ते परत भरून येत नाहीत. दगड कोणता ते माहीत नसेल तर मागच्या बाजूला लिंबाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे.

सगळं तपासून रंग खरंच बदलायचा असेल

मग घाई न करता नमुना लावा. चार फूट लांब-रुंद, प्रायमरसकट, दोन हात, तीन शेड. एक नमुना उत्तरेच्या भिंतीवर, एक पश्चिमेच्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली बघा. घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांची नजर रोज त्या भिंतीवर पडणार आहे.

गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंगात दोन हातांसह साधारण ५० ते ६० चौरस फूट होतं. १५०० चौरस फूट बाहेरची भिंत असेल तर २५ ते ३० लिटर लागतील. आधी नुसते पट्टे, चौकटी, पॅरापेटची कड बदलून बघा. एका वास्तूत पांढरी कड करडी केली आणि मुख्य रंगाची तक्रारच थांबली. खर्च चार लिटरचा.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्लॅब, छज्जा किंवा कॉलममधून तांबूस ओघळ, किंवा त्यासोबत सिमेंटचा पापुद्रा सुटलेला: आतली सळई गंजत असू शकते. त्यावर रंग लावून झाकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

भिंतीला तिरपी भेग असेल आणि उन्हाळ्यात रुंद, पावसाळ्यात बारीक होत असेल, तर काळी माती आकसते-फुगते आहे. तोही इंजिनिअरचा विषय.

दगडावर नाणं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तो सुटायला आला आहे. एक मजल्याच्या वरचा असेल तर खाली दोरी बांधून माणसं फिरू देऊ नका, लहान पोरांना तर अजिबात नाही. तो काढण्याचं काम परांची बांधणाऱ्या माणसाचंच. गच्चीजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी शिडी किंवा परांची लावण्याआधी वीज कंपनीच्या माणसाला दाखवा.

प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन महिन्यांनीही दव येत असेल तर पाइप गळतोय किंवा जोत्यातून पाणी चढतंय. वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवल्याशिवाय रंगावर पैसा घालू नका. कुठल्याही ॲसिडचं काम घरच्या माणसानं करायचं नाही.

कोड, लॉट, ओल, सगळं बरोबर असून दोन भोकांतून रंग जुळत नसेल तर दुकानदाराला लेखी कळवा आणि कंपनीचा तांत्रिक माणूस साइटवर मागवा. तो आल्याशिवाय पुन्हा रंग मारू नका, पुरावा झाकला जातो. तडजोड झाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

जाणकार येईल तेव्हा त्याच्यापुढे या वस्तू ठेवा: डब्यांची झाकणं, बिल, शेडकार्ड, शिल्लक रंग, प्लास्टर संपल्याची आणि रंग सुरू केल्याची तारीख, आणि एकाच जागी उभं राहून सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढलेले तीन फोटो. आप्पांनी ते सगळं एका साखरेच्या पिशवीत घालून देवघराशेजारी खिळ्याला टांगून ठेवलं होतं.